दहा डॉलर्सची पैज

या अंकातलं चरित्र माझ्या वाट्याला आलं तेव्हा मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटलं, मी एखाद्या कवयित्रीवर लिहीन. मी लिहिलंय कायद्याच्या एका प्राध्यापिकेवर. तीही अमेरिकेतली, आणि जाऊन चाळीस वर्षं झालेली. नाव पॉली मरे.

कारण सांगते. आमच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे. बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला जायचं की एलएल.बी.चा फॉर्म भरायचा? आई म्हणते, भर. मावशी म्हणते, मुलीच्या जातीला कोर्टकचेरी कशाला. बाबा पेपरातून डोकं वर काढत नाहीत. त्यात गेल्या वर्षी एका चर्चासत्रात मी निबंध वाचला आणि त्यातला मुख्य मुद्दा ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. मुद्दा बरोबर होता की चूक, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. हसले, एवढंच. घरी आल्यावर मी तो निबंध कपाटात टाकला तो टाकलाच.

नंतर अमेरिकन साहित्याच्या पेपरसाठी वाचताना पॉली मरेंच्या एका निबंधाची गोष्ट सापडली. त्यांच्याही मुद्द्यावर वर्ग हसला होता. त्या निबंधाचं पुढे काय झालं हे कळलं तेव्हा मी रात्री उठून कपाट उघडलं. ती गोष्ट सांगायची तर सुरुवातीपासूनच सांगायला हवी.

पॉलीचा जन्म २० नोव्हेंबर १९१०चा, बाल्टिमोर शहरातला. पूर्ण नाव ॲना पॉलीन मरे. सहा भावंडांतली ती चौथी. आई नर्स, वडील शिक्षक. घर शिकलेलं होतं, पण सुख फार दिवस टिकलं नाही. १९१४ साली आई अचानक गेली. वडिलांना विषमज्वर झाला होता, त्यानंतर त्यांचं मन ताळ्यावर राहिलं नाही. त्यांना कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९२३ साली तिथल्याच एका गोऱ्या पहारेकऱ्याने त्यांना बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं. पॉली तेव्हा अवघी बारा वर्षांची होती.

आई गेल्यावर पॉलीला तिच्या मावशीने, पॉलीन डेम यांनी, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम गावी नेलं. मावशी शाळामास्तरीण. (माझ्या मावशीने हे वाक्य जरूर वाचावं.) त्या घरात आजी-आजोबाही होते. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते आणि नंतर दक्षिणेत येऊन गुलामीतून सुटलेल्या लोकांना त्यांनी लिहा-वाचायला शिकवलं होतं. आजी कॉर्नेलिया मात्र स्वतः गुलाम म्हणून जन्मली होती. तिची आई हॅरिएट गुलाम, आणि बाप त्याच स्मिथ घराण्यातला मालकाचा मुलगा. हॅरिएटवर जबरदस्ती झाली होती. त्या मालकाची मुलगी मेरी रफिन स्मिथ, म्हणजे नात्याने कॉर्नेलियाची सख्खी आत्या आणि कायद्याने तिची मालकीण. तिनेच कॉर्नेलियाला वाढवलं आणि १८५४ साली चॅपल हिल गावच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा करवला. चर्चच्या वहीत ती एका मालकिणीच्या मालकीची नोकरपोर म्हणून नोंदली गेली. त्या चर्चमध्ये गुलामांनी वरच्या सज्जात बसायचं असे.

हे चर्च आणि ही वही लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिथे परत यायचंय.

डरॅममध्ये तेव्हा सगळ्याच गोष्टी वेगळ्या होत्या. शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, ट्रामची जागा वेगळी. या पद्धतीला तिकडे जिम क्रो म्हणत. पॉली शक्य असेल तेव्हा ट्राममध्ये बसायचीच नाही, पायी जायची. शाळा संपल्यावर दक्षिणेतल्या वेगळ्या ठेवलेल्या कॉलेजात जायला तिने नकार दिला आणि न्यूयॉर्कला हंटर कॉलेजात गेली. ते मुलींचं, फी न घेणारं कॉलेज होतं. १९३३ साली, ऐन मंदीच्या दिवसांत, ती पदवीधर झाली. याच वर्षांत तिने ॲना पॉलीन हे नाव सोडून पॉली हे आखूड नाव घेतलं. ते मुलाचंही असू शकतं, मुलीचंही.

हे नाव बदलणं साधं नव्हतं. आपलं शरीर बाईचं आहे, पण आत आपण बाई आहोत असं तिला वाटत नसे. तिने डॉक्टर गाठले, हार्मोनचे उपचार मागितले, पण ते तिला मिळाले नाहीत. तिचं प्रेम स्त्रियांवर होतं. तेव्हा याला नीट शब्दही नव्हते आणि बोलायची सोय तर नव्हतीच. हयातीत तिने हे जाहीर केलं नाही. तिच्या मागे राहिलेल्या कागदांतून ते कळतं. या बाबतीत माझ्यासारख्या परक्या मुलीने जास्त बोलू नये असं मला वाटतं. पण हे गाळून तिचं चरित्र लिहिणंही बरोबर नाही. बाई कोण, पुरुष कोण, ही खूणगाठ कायद्याने किती घट्ट बांधावी हा प्रश्न तिने पुढे कोर्टात नेला. तो प्रश्न तिला पुस्तकातून सुचलेला नव्हता.

१९३८ साली पॉलीने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अर्ज केला. उत्तर आलं की तुमच्या वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही. यातली खोच बघा. मेरी रफिन स्मिथने, म्हणजे आजीच्या त्या मालकीण-आत्याने, मरताना आपल्या जमिनीचा मोठा भाग याच विद्यापीठाला दिला होता. ज्या घराण्याच्या पैशावर विद्यापीठ पोसलं, त्या घराण्याचं रक्त पॉलीच्या अंगात होतं. पण दारावर रंग पाहिला जात होता. तिने वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, राष्ट्राध्यक्षांना लिहिलं आणि एक प्रत त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना पाठवली. त्या पत्रातून दोघींची जी ओळख झाली ती एलिनॉर असेपर्यंत टिकली. भांडत, रुसत, पण टिकली.

१९४० सालच्या मार्चमध्ये पॉली आणि तिची मैत्रीण ॲडलीन मॅकबीन बसने दक्षिणेत निघाल्या होत्या. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गजवळ त्यांना मागच्या मोडक्या जागेवर सरकायला सांगितलं. त्या सरकल्या नाहीत. दोघींना अटक झाली. पॉलीने गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल बरंच वाचलं होतं. तुरुंगात तिने तेच धोरण ठेवलं. शिवीला शिवी द्यायची नाही, पहारेकऱ्याशी सभ्यपणे बोलायचं, पण मागणी सोडायची नाही. कोर्टाने मात्र वर्णभेदाचा मुद्दाच बाजूला ठेवला आणि नुसतं गैरवर्तनाचं कलम लावून दंड ठोठावला. म्हणजे वरच्या कोर्टात लढायला जागाच राहिली नाही. रोझा पार्क्स यांची बसमधली अटक आपण शाळेत शिकतो, ती १९५५ची. ही तिच्या पंधरा वर्षं आधीची. त्या दिवशी पॉलीला कायद्याचं एक गुपित कळलं असावं. अन्याय करणारा माणूस कायदा मोडतोच असं नाही, पुष्कळदा तो कायद्यातलं सोयीचं कलम निवडतो.

त्यानंतर ओडेल वॉलर नावाच्या तरुणाचं प्रकरण आलं. वॉलर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा कृष्णवर्णीय शेतकरी. पिकाच्या वाटणीवरून गोऱ्या मालकाशी भांडण झालं, गोळी सुटली, मालक मेला. ज्युरीत सगळे गोरे, मतदानासाठी पट्टी भरणारे. वॉलरला देहान्ताची शिक्षा झाली. त्याला वाचवण्यासाठी पॉलीने देशभर फिरून सभा घेतल्या, पैसे गोळा केले. २ जुलै १९४२ रोजी ती शिक्षा अमलात आली. तोपर्यंत पॉली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकायला लागली होती.

हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. नागरी हक्कांचे मोठमोठे वकील तिथे शिकवत. इथे तरी आपण वेगळे पडणार नाही असं पॉलीला वाटलं असेल. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की बायका कायदा शिकायला कशाला येतात ते त्यांना कळत नाही. सगळी मुलं हसली. वर्गात ती एकटीच मुलगी होती. तिने तिथल्या तिथे ठरवलं की पहिला नंबर काढायचा, आणि काढला. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात एक शब्द घोळायला लागला. रंगावरून माणसाला वेगळं काढणं म्हणजे जिम क्रो, तर बाई म्हणून वेगळं काढणं म्हणजे जेन क्रो. जिम आणि जेन ही बहीण-भावंडंच, असं तिचं म्हणणं. १९४३ साली हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी, त्यातही मुलींनी, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या एका खानावळीत शांतपणे बसून राहण्याचा सत्याग्रह केला. कायद्याची बाजू पॉलीने सांभाळली. काही दिवसांत खानावळीने दार उघडलं. अशी आंदोलनं देशभर गाजली ती १९६० नंतर.

आता तो निबंध.

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात एक तत्त्व घालून दिलं होतं. वेगळं ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे घटनेचा भंग होत नाही. नागरी हक्कांचे वकील तेव्हा या तत्त्वाला हात न लावता लढत. ते दाखवून देत की कृष्णवर्णीयांची शाळा समान नाही, इमारत पडकी आहे, पुस्तकं नाहीत. कोर्ट म्हणे, मग समान करा. वेगळेपण तसंच राही. १९४४ साली शेवटच्या वर्षाच्या वर्गात पॉलीने मांडलं की समान आहे की नाही हे मोजत बसण्यात अर्थ नाही, हल्ला वेगळं या शब्दावरच करायला हवा. माणसाला वेगळं काढणं हीच इजा आहे, मग त्याची शाळा संगमरवराची का असेना. वर्ग हसला. असं केलं तर आहे तेही जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. पॉलीने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलर्सची पैज लावली की पंचवीस वर्षांच्या आत प्लेसी निकाल उलटणार. आणि वर्गात जे धड ऐकून घेतलं नाही ते शेवटच्या निबंधात सविस्तर लिहून काढलं.

पंचवीस वर्षं लागली नाहीत. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य ठरवलं. तो खटला लढणाऱ्या वकिलांत रॉबिन्सन होते. तयारी करताना त्यांना आपल्या जुन्या विद्यार्थिनीचा निबंध आठवला, त्यांनी तो शोधून काढला आणि सहकाऱ्यांपुढे ठेवला. पॉलीला मात्र हे कुणी कळवलं नाही. कितीतरी वर्षांनी ती हॉवर्डला गेली तेव्हा बोलता बोलता तिला हे समजलं.

हे वाचून मी कपाट का उघडलं ते आता तुम्हाला कळलं असेल. माझा निबंध काही तेवढ्या तोलाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण हसणाऱ्यांना उत्तर म्हणून पॉलीने भांडण केलं नाही की गप्पही बसली नाही. तिने मुद्दा नीट लिहून जमा केला. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करते, कारण आता त्या वकील झाल्या. हॉवर्डला पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला जायचं अशी रीत होती. पॉलींना शिष्यवृत्तीही मिळाली. हार्वर्डने कळवलं की तुम्ही बाई आहात, आमच्या कायदा शाखेत बायकांना प्रवेश नाही. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, तरी काही उपयोग झाला नाही. १९३८ साली रंग आडवा आला होता, १९४४ साली बाईपण. एकाच माणसाच्या तोंडावर दोन्ही दारं अशी सहा वर्षांत बंद झाली, म्हणून त्यांना त्या दोन दारांची कडी एकच आहे हे दिसलं. त्या कॅलिफोर्नियात बर्कलीला गेल्या आणि नोकरीतल्या समान संधीच्या हक्कावर प्रबंध लिहून १९४५ साली एलएल.एम. झाल्या. हार्वर्डच्या कायदा शाखेने बायकांना घेतलं ते १९५०मध्ये.

पुढची वर्षं पोट भरण्याच्या ओढाताणीत गेली. न्यूयॉर्कमध्ये छोटंसं वकिलीचं ऑफिस, पैसे जेमतेम. याच काळात मेथॉडिस्ट चर्चच्या महिला विभागाने त्यांना एक काम दिलं. कुठल्या राज्यात वंशभेदाचे कोणते कायदे आहेत ते आम्हाला सांगा, म्हणजे आमच्या संस्थांत आम्ही कायद्याने काय करू शकतो ते कळेल. त्या बायकांना एखादी पुस्तिका हवी होती. पॉलींनी प्रत्येक राज्याचे कायदे चाळून ७४६ पानांचा ग्रंथ तयार केला. १९५१ साली तो छापला गेला आणि नागरी हक्कांच्या वकिलांच्या टेबलावर कायमचा जाऊन बसला. थरगुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ते त्याला आपल्या कामाचं बायबल मानत. चर्चमधल्या बायकांच्या एका साध्या चौकशीतून हे उभं राहिलं, हे मला आपल्या कॉलेजच्या अंकात मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

तरीही १९५२ साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना एका पदावर घेतलं नाही. त्यांची शिफारस करणारी माणसं फार जहाल आहेत, असं कारण होतं. शिफारस करणाऱ्यांत एलिनॉर रूझवेल्ट आणि थरगुड मार्शल होते! ते कम्युनिस्ट शोधण्याचे दिवस होते. आपल्या निष्ठेबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना पॉलींनी उत्तर म्हणून आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. आजी-आजोबांची ती गोष्ट १९५६ साली प्राउड शूज या नावाने पुस्तकरूपात आली. माझी त्यांच्याशी ओळख याच पुस्तकामुळे झाली.

त्यांचं अध्यापन खऱ्या अर्थाने सुरू झालं ते आफ्रिकेत. १९६० साली नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाची राजधानी आक्रा इथल्या कायदा विद्यालयात त्या घटनात्मक कायदा शिकवायला गेल्या. सहकारी लेस्ली रूबिन यांच्यासोबत त्यांनी घानाच्या राज्यघटनेवर पुस्तकही लिहिलं. पण तिथे विरोधकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकणं सुरू झालं होतं. अशा ठिकाणी घटना शिकवायची म्हणजे अवघडच. दीडेक वर्षात त्या परतल्या आणि पन्नाशीत येल विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९६५ साली कायद्यातली सर्वोच्च पदवी येलकडून मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती ठरल्या.

मला वाटतं, येलची ही वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात फलदायी होती. अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देते. वंशाच्या बाबतीत न्यायालयं ती लावू लागली होती, पण बाई-पुरुष भेद मात्र निसर्गाचाच मानला जाई. पॉलींचं म्हणणं होतं की जो युक्तिवाद वंशाला लागतो तोच इथेही लागतो. जन्माने मिळालेल्या एका खुणेवरून माणसाची लायकी आधीच ठरवून टाकायची, हा दोन्हीकडचा दोष एकच. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी स्त्रियांच्या स्थितीवर नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी हे मांडलं. १९६४ साली नागरी हक्क कायदा होत होता. नोकरीत वंशावरून भेदभाव करता येणार नाही या कलमात स्त्री-पुरुष भेदाचाही शब्द घातला गेला होता आणि तो काढून टाकायची भाषा चालली होती. पॉलींनी टिपण लिहून ते खासदारांपर्यंत आणि वरपर्यंत पोचवलं. हा शब्द काढलात तर कृष्णवर्णीय बाईला संरक्षण उरणारच नाही, कारण तिला नोकरी नाकारली ती रंगामुळे की बाईपणामुळे हे ती कसं सिद्ध करणार? शब्द राहिला. १९६५ साली मेरी ईस्टवुड यांच्यासोबत लिहिलेल्या लेखाला त्यांनी जेन क्रो हेच नाव दिलं. वर्गातला अपमान वीस वर्षांनी कायद्याच्या नियतकालिकाचा मथळा झाला.

लेख छापून त्या थांबल्या नाहीत. १९६६ साली अलाबामातल्या एका खटल्यात त्यांनी आणि डोरोथी केन्यन यांनी काम केलं, आणि ज्युरीत बायकांना न घेणं घटनाबाह्य आहे असा निर्णय फेडरल कोर्टाने दिला. त्याच वर्षी नाऊ ही स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. त्याच्या तीन वर्षं आधी वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चात एकाही बाईला मुख्य भाषण दिलं नाही, म्हणून त्यांनी आपल्याच चळवळीतल्या पुढाऱ्यांना खडसावलं होतं. आपल्या माणसांना बोलणं किती जड जातं, ते घरात वाद घातलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

मग १९७१ साल. आयडाहो राज्यातल्या सॅली रीड यांचा मुलगा वारला. त्याची मालमत्ता नावापुरतीच होती. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या सॅलींनी तिची व्यवस्था आपल्याकडे मागितली. राज्याचा कायदा सांगत होता की दोघंही सारख्याच नात्याची असतील तर पुरुषाला आधी द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. बाई म्हणून केलेला भेद चौदाव्या दुरुस्तीखाली त्या न्यायालयाने पहिल्यांदाच मोडून काढला. सॅलींच्या बाजूचं लेखी म्हणणं रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तयार केलं होतं, ज्या नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. त्यांनी मुखपृष्ठावर लेखक म्हणून पॉली मरे आणि डोरोथी केन्यन यांचीही नावं घातली. या दोघींनी ते लिहिलेलं नव्हतं. पण आपण ज्यांच्या विचारावर उभ्या आहोत त्यांची नावं तिथे असायलाच हवीत, असं गिन्सबर्गना वाटलं. ब्राउनच्या वेळी निबंध वापरला गेला आणि नाव कुणी घेतलं नाही. रीडच्या वेळी नाव मिळालं. मधे सतरा वर्षं गेली.

हा खटला वाचताना मला आपल्याकडच्या मेरी रॉय आठवल्या. १९८६च्या निकालाने त्रावणकोर भागातल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या मालमत्तेत भावांइतका वाटा मिळाला. दोन्ही खटल्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोन्हीकडे एकेक बाई, आणि वारशाचा एकेक कागद.

१९६८पासून १९७३पर्यंत पॉली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठात होत्या. तिथे त्यांनी कायदा, राजकारण, कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि स्त्रियांचा प्रश्न हे सगळं एकत्र आणून अभ्यासक्रम उभे केले. कायमपदासाठी भांडावं लागलं, ते मिळालं, प्राध्यापकपदही मिळालं. मात्र ही वर्षं गोडीची नव्हती. १९६९च्या जानेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथल्या एका इमारतीचा ताबा घेतला. आयुष्यभर आंदोलनं केलेल्या पॉलींना त्यांचा मार्ग पटला नाही. मुलं स्वतःला ब्लॅक म्हणवत, पॉली हट्टाने निग्रो हाच जुना शब्द वापरत. मुलांना त्या जुनाट वाटल्या. कुठलंही वेगळेपण त्यांना नको होतं, मग ते आपल्या माणसांनी मागितलेलं का असेना. मला इथे विद्यार्थ्यांचीही बाजू समजते. काळाच्या पुढे असलेल्या माणसालाही नंतरची पिढी गाठते आणि ओलांडून जाते, एवढं खरं.

१९७३ साली त्यांची जिवाभावाची मैत्रीण आयरीन बार्लो कॅन्सरने गेली. दोघींना जोडणारी मोठी गोष्ट म्हणजे चर्च. शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ धर्मगुरू नव्हता, ते काम पॉलींनीच केलं. त्यानंतर बासष्टाव्या वर्षी त्यांनी कष्टाने मिळवलेलं प्राध्यापकपद सोडलं आणि न्यूयॉर्कच्या सेमिनरीत नाव घातलं. तेव्हा त्यांच्या एपिस्कोपल चर्चमध्ये बायकांना गुरुदीक्षा मिळत नव्हती. परवानगी नसलेल्या पदासाठी त्या शिकायला बसल्या. १९७६ साली चर्चने नियम बदलला आणि ८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये पॉली मरेंना दीक्षा मिळाली. त्या चर्चच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-धर्मगुरू.

आणि १३ फेब्रुवारी १९७७ला त्यांनी आपलं पहिलं मिस्साबलिदान अर्पण केलं ते चॅपल हिलच्या त्याच चर्चमध्ये, जिथे १८५४ साली त्यांच्या आजीचं नाव मालकिणीच्या नावाखाली लिहिलं गेलं होतं. वाचनाच्या मंचावर मेरी रफिन स्मिथचं नाव कोरलेलं होतं. त्यावर पॉलींनी आपल्या आजीचं बायबल ठेवलं आणि शुभवर्तमान वाचलं. गोरे आणि कृष्णवर्णीय एका रांगेत उभे राहून त्यांच्या हातून ख्रिस्तशरीर घेत होते. सज्जात बसण्याची सक्ती आता कुणावर नव्हती.

मी कॅथलिक आहे. आमच्या चर्चमध्ये बाईला गुरुदीक्षा नाही आणि या लेखातून मला तो वाद घालायचा नाही. पण रविवारी मी पहिलं वाचन करायला वेदीजवळ जाते, तेव्हा आता दर वेळी तो मंच आणि ते बायबल मला आठवतं. कायद्याच्या वर्गात सुरू झालेलं काम त्यांनी वेदीशी का नेलं असेल, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, कोर्ट आपल्याला हक्क देऊ शकतं, पण मालक आणि गुलाम यांच्या नातवंडांनी एकमेकांशेजारी गुडघे टेकावेत असा हुकूम ते देऊ शकत नाही. त्यासाठी त्यांना दुसरी जागा लागली.

१ जुलै १९८५ रोजी पिट्सबर्गमध्ये पॉली मरे वारल्या. आत्मचरित्र दोन वर्षांनी छापलं गेलं. २०१२मध्ये त्यांच्या चर्चने १ जुलै हा त्यांचा स्मरणदिन ठरवला. २०१७मध्ये येल विद्यापीठात त्यांच्या नावाचं निवासी महाविद्यालय उघडलं, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आला. ज्यांना विद्यापीठाच्या दारातून परत पाठवलं, त्यांच्या नावाची पाटी आता विद्यापीठाच्या दारावर आहे.

पण मला नाण्यापेक्षा ती दहा डॉलर्सची पैजच जास्त आवडते. बाजूला ना पैसा, ना पद, ना एकाही वर्गमित्राचं मत. होता फक्त एक निबंध, वेळेवर लिहून जमा केलेला. तो वाचला जाईल की नाही, तिच्या नावाने वाचला जाईल की नाही, हे तिच्या हातात नव्हतं. लिहिणं हातात होतं, ते तिने केलं.

माझा निबंध मी पुन्हा लिहायला घेतलाय. दोन ठिकाणी हसणारे बरोबर होते, तेवढं दुरुस्त केलं. मुख्य मुद्दा तसाच ठेवलाय. एलएल.बी.चा फॉर्म टेबलावर आहे, त्याच्या खाली प्राउड शूज ठेवलंय. मावशी काल येऊन गेली. तिने पुस्तक उचलून मागचा फोटो बघितला, ही कोण म्हणून विचारलं. मी सांगायला सुरुवात केली. चहा दोनदा गरम करावा लागला.